कायदा करणाऱ्यांनी पाडा पाहिला आहे का?



मागच्या बैठकीत जमिनीचा विषय अर्ध्यावर राहिला आणि दारूवर भांडण झालं. जे आले नव्हते त्यांच्या कानावर वेगवेगळं गेलं आहे, म्हणून आधी काय झालं ते सांगतो.

वसई पूर्वेच्या आमच्या एका पाड्यावर एका विधवा बाईच्या घरी छापा पडला. पडवीत एक कॅन सापडला. मोहाची दारू होती. सासूच्या दिवसासाठी गाळली होती, उरेल ती विकायची होती. हे आम्ही लपवत नाही, कारण तिनेही लपवलं नाही. केस झाली, जामीन झाला, तारखा सुरू झाल्या. वकील, गाडीभाडं, बुडालेली मजुरी धरून नऊ हजारांच्या आसपास गेले. एवढे पैसे तिच्याकडे कुठून असणार? वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली. आता दिवाळी झाली की ती आणि तिची दोन पोरं भट्टीवर जाणार, ती पावसाच्या तोंडावर परत येणार. पोरांचं शाळेचं वर्ष गेलं. आणि तिच्या वनप्लॉटची मोजणी याच हिवाळ्यात व्हायची आहे. मोजणीवाले येतील तेव्हा हद्द दाखवायला घरचं कुणी नसेल.

म्हणजे केस एका कॅनची, आणि धोका आला प्लॉटला. म्हणून या अंकाचं संपादकीय दारूवर आहे. जमिनीच्या पत्रकात दारू कशाला, असं कुणी विचारू नये.

बैठकीत तीन तट पडले. आमचे एक जुने काका म्हणाले, पोरांनो, दारूने आपल्या किती जमिनी गेल्या ते आठवा. बाटली समोर ठेवून अंगठे घेतले. १९७४ चा जमीन परत मिळण्याचा कायदा आला तेव्हा कितीतरी कागद निघाले, आणि अंगठा कुठे दिला हेसुद्धा देणाऱ्याला आठवत नव्हतं. कॅन फोडाच. बायकांनी मान डोलावली. दुसरे म्हणाले, मोहाचा घोट देवाला लागतो, पितरांना लागतो, लग्नात लागतो, तो गुन्हा कसा? आणि मागे बसलेल्या पोरांपैकी एक जण म्हणाला, तुम्ही मोहाचं काय घेऊन बसलात, आमच्या वयाची पोरं नालासोपाऱ्यावरून एमडीच्या पुड्या आणायला लागलीत. यावर सगळेच गप्प झाले.

तिघांचंही खरं आहे. आमचं म्हणणं एवढंच की ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि मुंबई-दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांना त्यातला फरक माहीत नाही. माहीत करून घ्यायला कुणी पाड्यावर आलेलंही आम्ही पाहिलं नाही. आम्ही बारावीपर्यंत शिकलो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होतं, कायदा लोकांच्या इच्छेतून होतो. आता लोक म्हणजे कोण, हे आम्ही पत्रकाच्या पुढच्या दोन पानांत शोधतो आहोत.

सुरुवात इंग्रजांपासून करावी लागते. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्याआधी ताड कुणाचा, रस कोण काढतो, ते गावात ठरायचं. कायद्याने झाडाला कर लावला आणि गाळण्याचा हक्क ठेकेदाराच्या हातात दिला. तरी आपली माणसं मोहाची दारू घरी गाळत राहिली, कारण मोह जंगलात आणि बांधावर होता. मग सरकारने फुलालाच धरलं. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. ठाणे जिल्हा म्हणजे तेव्हा आपली वसई, आपलं पालघर, डहाणू, सगळं. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात मोह म्हणजे दारू, दुसरं काही नाही. आपल्या घरात मोह म्हणजे काय असतो? चैत्रात पहाटे पाट्या घेऊन बायका-पोरं झाडाखाली जातात. फूल सुकवून ठेवतात, पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की उकडून खातात. गुरांना घालतात. बीचं तेल काढतात, ते दिव्याला, अंगाला, भाजीला. दुष्काळात मोहाने माणसं जगवली असं म्हाताऱ्या अजून सांगतात. आणि या फुलाचा साठा घरात ठेवणं हा गुन्हा! पोट भरण्याच्या वस्तूवर बंदी आणि ठेकेदाराच्या दुकानाला परवाना, असा तो हिशोब होता.

ही बंधनं पुढे स्वतंत्र भारतातही चालू राहिली. मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरची बंधनं महाराष्ट्र सरकारने सैल केली २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१ म्हणजे १२९ वर्षं. ज्या पणजीने पहिल्यांदा फुलं लपवली तिच्या पणतीच्या पोरीला ती उघड्यावर वाळवायला मिळाली.

आता कुणी म्हणेल, आदिवासींना दारू सुटायलाच नको. त्यांनी १९२२ साल बघावं. त्या वर्षी मुंबईच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर, म्हणजे आपल्याच बाजूला, मच्छीमारांमध्ये देवीची साथ आली, आणि त्या साथीतून एक चळवळ उठली. देवी अंगात येऊ लागली आणि सांगू लागली: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्याचं काम करू नका. किनाऱ्यावरून ती डोंगरात आली, डहाणू-उंबरगाववरून धरमपूर, वांसदा, सुरतेपर्यंत गेली. डेव्हिड हार्डिमन नावाच्या इतिहासकाराने यावर सगळं पुस्तक लिहिलं आहे. हजारो आदिवासींनी दारू टाकली. का टाकली? कारण बऱ्याच ठिकाणी दारूचं दुकान ज्याचं, जमीनही त्याचीच, कर्जही त्याचंच. दारू सोडली की तिन्ही ठिकाणी त्याचा हात ढिला होत होता, हे लोकांना कळलं होतं. तेव्हा ना कुठलं दारूबंदी खातं होतं, ना छापा. सरकारला आनंद व्हायला हवा होता. झाली काळजी, कारण अबकारीचं उत्पन्न बुडत होतं.

आपल्या माणसाने दारू कधी प्यायची, कधी टाकायची हे ठरवलं तेव्हा ते जमिनीशी जोडूनच ठरवलं. दारूचे कायदे करणारे नेमकी ही गाठ बघत नाहीत.

एक माणूस मात्र बोलला होता. २४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत दारूबंदीच्या कलमावर चर्चा होती, आज ते ४७ वं कलम आहे. झारखंडचे जयपाल सिंग मुंडा उभे राहिले. हॉकीचे ऑलिंपिक कर्णधार, ऑक्सफर्डला शिकलेले, पण बोलले पाड्याचं. त्यांनी सांगितलं की हे कलम देशातल्या सगळ्यात जुन्या लोकांच्या धार्मिक हक्कात ढवळाढवळ करतं, आणि पश्चिम बंगालमध्ये संथाळाला तांदळाची बिअर मिळाली नाही तर भाताची लावणी होणार नाही. कलम मंजूर झालं. सभागृहात एवढे विद्वान होते, त्यातल्या किती जणांनी चिखलात वाकून दिवसभर लावणी केली होती, असा प्रश्न आम्हाला पडतो.

आणि पुढच्याच वर्षी मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला, १९४९ चा. नाव बदलून तोच आज महाराष्ट्रात चालू आहे. ही गोष्ट शहरातल्या लोकांना सांगितली तर खरी वाटत नाही: आजही या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना मिळतो, देशीला २ रुपये, विदेशीला ५ रुपये. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या रिसॉर्टवर शनिवारी बघा, हायवेच्या ढाब्यावर बघा. परवाना कुणाच्या खिशात आहे आणि कोण विचारतो? कायदा सगळ्यांना सारखा, पण शोधायला जातो तो झोपडीतच.

या कायद्यात सवलती काय काय आहेत तेही वाचण्यासारखं आहे. लष्कराच्या मेससाठी सोय आहे. परदेशी माणसासाठी आहे, परदेशी वकिलातींसाठी आहे, क्लबसाठी आहे. धर्माच्या विधीत मद्य लागत असेल तर त्याच्या परवानगीचंही कलम आहे. आपल्या वसईत एवढी चर्चेस आहेत, मिस्साला द्राक्षाचा रस लागतो. तो लागतोच, त्याला परवानगी असायलाच हवी, आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा तो हक्क आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना जो समाज माहीत होता त्याच्यासाठी त्यांनी जागा ठेवली. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा घ्या. गांजा, चरस गुन्ह्यात गेले, पण भांगेचा पाला बाहेर राहिला. होळीला, शिवरात्रीला भांग पिणारा समाज संसदेत बसलेल्यांच्या ओळखीचा होता. मग आमचा भगत जो घोट देवापुढे सांडतो, पितरांच्या नावाने पानावर ओततो, तो कुठल्या कलमात बसतो? त्याला नाही म्हटलं असंही नाही. तो कुणाच्या डोळ्यांसमोर आलाच नाही.

१९८१ चा एक कायदा आहे, माणसाला खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवायचा. त्याचं नावच बघा: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना आळा घालण्याचा. हातभट्टीवाला गुंडांच्या रांगेत, नावातच. हातभट्टीचा मोठा धंदा करणारे गुंड आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण या नावाची सावली आमच्या त्या विधवा बाईवरही पडते.

उलट बाजूला, २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली, तेव्हा एक मोठे पुढारी म्हणाले की वाईन म्हणजे दारू नव्हे. विरोध झाला, ते मागे पडलं. पण कारण काय दिलं होतं? द्राक्षाच्या शेतकऱ्याला भाव मिळेल. आपल्याच जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाईन होते, लोक गाडी करून प्यायला येतात. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने दारूवरचे कर वाढवले, वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असं सांगितलं, आणि धान्याच्या दारूचा एक नवा प्रकार काढला, नाव ठेवलं ‘महाराष्ट्र मेड लिकर’. द्राक्ष, चिकू, धान्य, उसाची मळी, सगळ्यांची दारू चालते. मोहाच्या घरगुती दारूला तेवढा छापा. आम्ही असं म्हणत नाही की मोहाची पण बाटली करून विका. मध्य प्रदेश सरकारने तसं धोरण आणलं, तिथल्या साथींचा अनुभव काय ते समजून घेऊ. आम्हाला भीती वाटते की बाटली झाली की ठेकेदार येईल आणि झाडावरही त्याचाच हक्क लागेल.

आता घरातलं बोलू. पाड्यावर आज जी दारू प्यायली जाते त्यातली मोहाची किती? थोडी. मोह गाळायला दिवस लागतात, धूर होतो, वास जातो, छाप्याची भीती. म्हणून काळा गूळ आणि नवसागरची झटपट दारू आली. तीही पकडली जाते म्हणून बाहेरून पिशवी आली, जिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१५ च्या जूनमध्ये खाडीपलीकडे मालवणीला अशाच दारूने शंभरावर माणसं मेली. त्यात मिथेनॉल होतं, कारखान्याचं रसायन. मेले ते हातावर पोट असलेले. बंदी कडक केली की दारू कमी होते असं विधानसभेत बसलेल्याला वाटतं. पाड्यावर राहणारा बघतो की ओळखीची दारू जाते आणि अनोळखी येते.

आणि ही अनोळखी दारू पिऊन नवरा मारतो तेव्हा बाई कुणाकडे जाणार? बैठकीत एक ताई म्हणाल्या ते लिहून ठेवलं आहे: “देवाला घोटभर लागतं, कॅनभर नाय लागत.” पुरुषांपैकी कुणाला उत्तर सुचलं नाही. परंपरेच्या नावाखाली रोजची झिंग लपवायची नाही, हे आम्ही पुरुष कार्यकर्त्यांनी स्वतःला सांगितलं पाहिजे. आमच्यातलेही काही मोर्चाच्या आदल्या रात्री पिऊन पडतात. नावं लिहीत नाही, ज्याची त्याला कळतील.

एमडीचं तर वेगळंच आहे. मेफेड्रोन २०१५ पर्यंत अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हतंच, मग घातलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी नालासोपाऱ्यात सातशे किलोच्या आसपास माल पकडला, किंमत चौदाशे कोटी सांगितली. पेपरात फोटो आले. चांगलं झालं. पण आपल्या पाड्यावरचा पोरगा एक-दोन ग्रॅमची पुडी घेऊन सापडतो, त्याच्यासाठी काय आहे? कायद्यात उपचाराला जाणाऱ्याला सूट देणारं कलम आहे, हे आम्हाला एका वकील ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. पाड्यावर कुणालाच माहीत नव्हतं, उपचार कुठे मिळतो तेही माहीत नव्हतं. त्या पोराची जमीन गोदामाखाली गेलेली, शेती नाही, भट्टीवर जायची लाज वाटते, शहरात काम कधी मिळतं कधी नाही. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून कुणीतरी पहिली पुडी फुकट दिली. मोहाच्या दारूला निदान म्हाताऱ्यांचा धाक होता, कधी प्यायची कधी नाही याची रीत होती. या पांढऱ्या पुडीला आमच्यात ना रीत, ना शब्द. हिच्यावर कडक कायदा हवाच, पुरवठा करणाऱ्याला सोडू नका असंच आम्ही म्हणतो. पण पोराला वर्षानुवर्षं कोर्टात फिरवून तो सुटणार नाही.

मग आदिवासींना विचारून केलेला एकही कायदा नाही का? आहे. १९७५ साली केंद्राने राज्यांना सांगितलं होतं की आदिवासी भागात ठेकेदारांची दारूविक्री बंद करा आणि घरापुरती पारंपरिक दारू राहू द्या. पुढे १९९६ चा पेसा आला. त्यात स्पष्ट आहे: नशेच्या पदार्थांवर बंदी घालायची, विक्री आणि सेवन मर्यादित करायचं की कसं, हा अधिकार ग्रामसभेचा किंवा पंचायतीचा. गौण वनउपजाची मालकीही त्याच कायद्यात, म्हणजे मोह आणि मोहाची दारू दोन्हीवर गाव बोलू शकतं. महाराष्ट्राने नियम केले २०१४ मध्ये, अठरा वर्षांनी. आणि त्याही आधी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना अधिकार आहे की एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करू नये किंवा बदलून लागू करावा. म्हणजे हत्यार भिंतीवर टांगलेलं आहे.

पण आपल्या वसईचं दुखणं इथेच आहे. पेसा पंचायतींचा कायदा. २००९ ला वसई-विरार महापालिका झाली, नगरपरिषदांबरोबर कितीतरी गावं आत गेली. २९ गावं बाहेर काढायचा वाद किती वर्षं चालला ते तुम्हाला माहीत आहे. आमचे जे पाडे आत गेले त्यांना ग्रामसभाच उरली नाही. शहरी भागासाठी पेसासारखा कायदा करायचं विधेयक २००१ मध्ये संसदेत आलं आणि तसंच राहिलं. बायकांच्या मतदानाने दुकान बंद करायची, उभी बाटली-आडवी बाटलीची सोय आहे. पण ती परवान्याच्या दुकानाला, पिशवीला आणि पुडीला नाही. आणि वॉर्डात आमच्या पाड्याच्या ऐंशी बायका, भोवती टॉवरमध्ये हजारो मतदार. त्यांना पाड्याच्या तोंडाशी काय विकलं जातं याचं सोयरसुतक कशाला असेल? महापालिकेच्या हद्दीत आलो म्हणून आमचं आदिवासीपण संपलं, असं कुठल्या कायद्यात लिहिलं आहे?

विधानसभेत २८८ पैकी २५ जागा आदिवासींना राखीव. आपल्या जिल्ह्यात ६ पैकी ४ राखीव, वसई आणि नालासोपारा सोडून. हे २५ जण दारूच्या प्रश्नावर पाड्याच्या बाजूने एकदम उभे राहिले तर काय होईल, हे बघायला आम्हाला आवडेल. सध्या निवडणुकीच्या आदल्या रात्री पाड्यावर दारूच पोचते, आणि ती मोहाची नसते.

चंद्रपूरला हजारो बायका चालत गेल्या, २०१५ ला बंदी झाली, २०२१ ला मंत्रिमंडळाने एका बैठकीत उठवली. बंदी चांगली की वाईट यावर आमच्यात अजून एकमत नाही. पण घालताना विचारलं आणि उठवताना नाही, हे चुकीचं आहे यावर आहे.

बैठकीत शेवटी जे ठरलं ते असं. महापालिकेतल्या पाड्यांनी आपली पाडासभा भरवायची, कायद्यात जागा असो नसो. दारूवर पहिला ठराव बायकांनी मांडायचा, पुरुष नंतर बोलतील. विधीपुरती घरची दारू गुन्ह्यातून वगळा, आणि विक्रीचं आम्ही ठरवू, असं निवेदन प्रांतांकडे, आमदारांकडे आणि राज्यपालांकडे जाईल. ज्यांच्यावर गेल्या पाच वर्षांत दारूची केस झाली त्यांनी येत्या रविवारच्या बैठकीला कागद घेऊन यावं: समन्स, जामिनाची पावती, वकिलाला दिलेले पैसे, आणि त्यासाठी कुणाकडून किती उचल घेतली ते. वाचता येत नसेल तरी आणा, आम्ही वाचू. त्या ताईंच्या वनप्लॉटच्या मोजणीला हद्द दाखवायला चार माणसं लागतील, त्यातला एक शेजारच्या प्लॉटचा हवा. नावं रविवारीच घेऊ.